घरातल्या घरात पडलेली बाई

(गटाच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. मी २७ वर्षं शाळेत गणित शिकवलं. पार्किन्सनबद्दल मला जे काही कळलं ते आईच्या आजारपणात कळलं, आणि त्यातलं निम्मं फार उशिरा कळलं. ते उशिरा कळलेलंच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

माझी आई पडली ती स्वयंपाकघरात. गॅस बंद करून ती ओट्यापासून फ्रिजकडे वळली. अंग वळलं, पाय वळले नाहीत. पाणी सांडलेलं नव्हतं, पायात पायपुसणं आलं नव्हतं. ती नुसती वळली आणि आडवी झाली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती ७१ वर्षांची होती. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "न्हाणीघरात घसरल्या का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "मग घरात कुणाचं लक्ष नव्हतं का?" हा प्रश्न वहिनीकडे बघून विचारला जायचा. दादाकडे बघून तो एकानंही विचारला नाही.

त्याच्या आधी दोन वर्षं तिचं मनगट मोडलं होतं. खुर्चीवरून उठताना तोल गेला, हात टेकला, मोडला. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं, हात थोडा वाकडा राहिला. तेव्हा तिला कंपवाताच्या गोळ्या सुरू होऊन चार वर्षं झाली होती. हाडाच्या डॉक्टरांनी हाड बघितलं. मेंदूच्या डॉक्टरांनी पुढच्या खेपेला हाताचा कंप बघितला. पन्नाशी उलटलेल्या बाईचं मनगट एवढ्या तेवढ्या पडण्यानं मोडतं, तेव्हा तिची सगळीच हाडं तपासायला हवीत, हे त्या दोघांनाही ठाऊक असणारच. पण ते सांगायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं. आणि विचारायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या दोन वर्षांचा मला अजून राग येतो, आणि तो अर्धा माझ्यावर आहे.

आता हा आजार काय आहे ते थोडक्यात सांगते. मेंदूत डोपामीन नावाचं रसायन तयार करणाऱ्या काही पेशी हळूहळू मरत जातात. त्यामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, बऱ्याच जणांचा हात थरथरतो, पुढे तोल जातो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरानं या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. त्यात सहा रोगी आहेत, आणि सहाही पुरुष आहेत. त्यांतले काही तर त्याला रस्त्यानं चालताना दिसलेले. रस्त्यावर दिसणार पुरुषच! थरथरणाऱ्या बायकाही लंडनमध्ये असतील, पण त्या घरात असतील. हा आजार पुरुषांना काहीसा जास्त होतो हे खरं आहे. पण बायकांना तो होतो तेव्हा त्याला दुसरीच नावं मिळतात.

आईचंच बघा. तिला फोडणी करपल्याचा वास येईनासा झाला. हे या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं. घरात ठरलं, हिचं लक्ष नसतं. मग तिचा खांदा धरला. ठरलं, वय झालं. अक्षर बारीक होत गेलं, पण किराण्याच्या यादीतलं बाईचं अक्षर कोण बघतो? चेहऱ्यावरचे स्नायू ताठरले की माणसाला हसू आलं तरी ते चेहऱ्यावर उमटत नाही. वर्षभर सगळे म्हणत होते की आई हल्ली कायम रागावलेली असते. पुरुषाचा चेहरा गंभीर असला तर चालतो, बाईचा नाही. आईनं एकदा मला विचारलं, "मी खरंच अशी दिसते का गं?" आणि आरशापुढे उभं राहून हसून बघितलं. निदान त्यानंतर आठ महिन्यांनी झालं.

तर, हाडांकडे येऊ. पार्किन्सन असलेल्या माणसाचं हाड मोडण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या साधारण दुप्पट असतो. का, तर एक कारण सरळ आहे, ती माणसं जास्त पडतात. वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. उभं राहताना रक्तदाब एकदम उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि पडताना आपण सगळे नकळत हात पुढे करतो, तो हातही यांचा वेळेवर पुढे येत नाही. म्हणून मनगटाऐवजी थेट खुबा.

दुसरं कारण असं की मुळात हाडंच विरळ झालेली असतात. हाडाला चालणं लागतं, वजन पेलणं लागतं. हालचाल कमी झाली की हाड झिजतं. या आजारात वजन उतरतं, त्यानंही झिजतं. बाईची पाळी गेली की पहिली काही वर्षं हाडं झपाट्यानं झिजतात, ते आधी झालेलंच असतं. आणि लेव्होडोपा, म्हणजे या आजाराची मुख्य गोळी, तिच्यामुळे रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढू शकतो. तो वाढलेला असतो त्यांची हाडं जास्त मोडतात असं दिसलं आहे. म्हणून गोळी बंद करायची नाही! गोळीविना माणूस ताठरतो आणि आणखी पडतो. पण जीवनसत्त्व बी-१२ कमी असलं तरीही होमोसिस्टीन वाढतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता किती आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानं वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. तेव्हा डी तपासताना बी-१२ सुद्धा तपासून घ्या.

आणि मग ऊन. पार्किन्सनच्या रोग्यांत डी जीवनसत्त्व कमी असतं असं अनेक देशांत आढळलं आहे. डी कमी असल्यामुळे आजार होतो की आजारामुळे माणूस घरात बसतो म्हणून डी कमी होतं, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. आपल्यापुरतं दुसरं पुरेसं आहे. घरात बसलेल्या माणसाची हाडं मऊ पडतात, आणि आपल्या समाजात घरात बसवलेलं माणूस म्हणजे कोण, ते मी या सभेत सांगायला नको.

याचा पुरावा आपल्याच मुलखातला आहे. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी मुडदुसावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो नाशिक भागातला. त्यांना दिसलं ते असं. गरिबांच्या पोरांना खायला कमी, पण ती दिवसभर उघड्यावर, आणि त्यांच्यात मुडदूस जवळजवळ नाही. चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्या, पण बायकामुलांना पडद्यात नि अंधाऱ्या खोल्यांत ठेवणाऱ्या घरांत मात्र मुडदूस, आणि बायकांच्या हाडांचा मऊपणा. पुढे १९२८ साली डॉ. कॅथलीन व्हॉन या काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉक्टरबाईंनी पडदापद्धती आणि मातृत्व यावर पुस्तकच लिहिलं. पडद्यातल्या बायकांची कंबरेची हाडं मऊ पडून वाकतात आणि त्या बाळंतपणात मरतात, असं त्यांचं म्हणणं. उन्हाचा आणि घराण्याच्या अब्रूचा असा संबंध आहे! या दोन्ही अभ्यासांना सुमारे शंभर वर्षं झाली. आता आपल्याकडे पडदा नाही, फ्लॅट आहे.

आमच्या घराला एकच गॅलरी, तिला सरकत्या काचा. आई तिथे रोज सकाळी बसायची आणि आम्हाला वाटायचं, ऊन मिळतंय. काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण डी तयार करणारे किरण काच अडवते. तीन वर्षं आई काचेमागे बसली. शिवाय कोवळं ऊन चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अंगाला बरं वाटतं, पण त्यात ते किरण फार थोडे असतात. साधी खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. मी मास्तरीण, मला ही खूण फार आवडली. चेहऱ्यावर नको, हातांवर आणि पोटऱ्यांवर घ्यावं. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्या माणसांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि म्हाताऱ्या कातडीला त्याहून जास्त. थंडीत अर्धा तास बारा वाजता बसलं तरी चालतं. मे महिन्यात मात्र हे करू नका. या आजारात घामाचं आणि रक्तदाबाचं गणित बिघडलेलं असतं, भोवळ येते. उन्हाळ्यात सावली आखूड होताच थोडा वेळ बसायचं, पाणी पिऊन, जवळ कुणी असताना.

हे सगळं कळलं तरी आई बसायला तयार नव्हती, हे तुम्हाला सांगायला हवं. खाली सोसायटीच्या आवारात कट्टा आहे. त्यावर सकाळी निवृत्त पुरुष बसतात, संध्याकाळी पोरं बसतात. गावात पार असतो, तिथेही तेच. हातात काही काम नसताना बाई उघड्यावर नुसती बसली आहे, असं तुम्ही कुठे पाहिलंय? आई म्हणायची, "लोक बघतात. हात थरथरताना बघतात." तिला हात लपवायची सवय झाली होती, पदराखाली. म्हणजे तेवढंही ऊन नाही.

मग गच्ची. गच्चीला कुलूप. अध्यक्ष म्हणाले, गच्ची पाण्याच्या टाक्यांसाठी आहे. तीन सभांत मी तो विषय काढला. तिसऱ्या सभेत वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी माझ्या बाजूनं उठल्या, त्यांना वाळवणं घालायची होती. पापडांसाठी किल्ली मिळाली! बाईच्या हाडांसाठी मागितली तेव्हा मिळाली नव्हती. पण मिळाली. आम्ही लिफ्टनं वर न्यायचो, शेवटच्या नऊ पायऱ्या दोघींनी धरून. आईच्या पुढ्यात सुपात शेंगा ठेवायचो. थरथरत्या हातांनी ती तासाभरात वाटीभर शेंगा सोलायची आणि हात आपोआप उन्हात राहायचे.

आता औषधांबद्दल. डी ची रक्ततपासणी होते, तिचं नाव पंचवीस हायड्रॉक्सी डी. वीसच्या खाली आकडा आला तर कमतरता धरतात. आईचा नऊ आला. आपल्याकडे साठ हजार युनिटची गोळी किंवा पुडी आठवड्याला एक, अशी काही आठवडे देतात, मग कमी करतात. ती आठवड्याची असते, रोजची नव्हे. आमच्याच नात्यातल्या एका मावशींनी ती महिनाभर रोज घेतली. उलट्या सुरू झाल्या, बोलण्यात गोंधळ, दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण आला होता. पुडी देताना दुकानदारानं "आठवड्यातून एकदा" एवढे शब्द उच्चारले असते तर हे टळलं असतं.

जास्त म्हणजे चांगलं, हे या औषधाला लागू नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २,२५६ बायकांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिली. त्या बायका कमी पडायच्या ऐवजी जास्त पडल्या, आणि हाडंही जास्त मोडली. दुसरीकडे २०२२ साली अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून जास्त धडधाकट लोकांच्या अभ्यासात रोज थोडं डी घेऊनही हाडं मोडायची कमी झाली नाहीत. म्हणजे ज्याला कमतरता आहे त्यानं ती भरून काढायची. हे जादूचं औषध नाही, आणि डी नं पार्किन्सन बरा होत नाही. तसं सांगणारा कुणी भेटला तर पाकीट पर्समध्येच ठेवा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मी वाचायला लागले तेव्हा मला जपानमधल्या एका डॉक्टरांचे लेख सापडले. पार्किन्सनच्या म्हाताऱ्या रोग्यांना डी आणि हाडांचं औषध दिलं आणि खुबे मोडायचं प्रमाण एकदम खाली आलं, असे सुंदर आकडे. मी वहीत उतरवून घेतले, भाच्याकडून छापून डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी ते बघितले आणि म्हणाले, "हे मागे घेतलेत." योशिहिरो सातो हे त्या संशोधकांचं नाव. न्यूझीलंडचे तिघं आणि स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅलिसन अ‍ॅव्हेनेल यांनी त्यांचे आकडे पडताळले. इतके रोगी इतक्या थोड्या वेळात, इतक्या नेटकेपणानं मिळूच शकत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं. २०१६ पासून त्यांचे कितीतरी लेख नियतकालिकांनी मागे घेतले, पार्किन्सनचे त्यांत आहेत. मी गणिताची बाई, मलाही आकडे फार गुळगुळीत आहेत अशी शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मला ते खरे असायला हवे होते.

तरी हाडांची औषधं आहेत आणि ती ठिसूळ हाडांसाठी उपयोगी आहेत, हे इतर अभ्यासांनी दाखवलं आहे. हाडांची घनता मोजायला डेक्सा नावाची तपासणी असते, दुखत नाही, दहा-पंधरा मिनिटं लागतात. उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला तर ऑस्टिओपोरोसिस. त्यावर आठवड्याची एक गोळी असते, ती उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसायचं असतं, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. पार्किन्सनमध्ये गिळायला त्रास होतो, ताठ बसवत नाही. अशांसाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध असतं. "गोळी जमत नसेल तर दुसरं काय?" एवढं विचारा. कॅल्शियम आणि डी आधी पुरेसं हवं, दातांची मोठी कामं आधी उरकून घ्यावीत.

आता स्वयंपाकघरातली चूक. आई लेव्होडोपाची गोळी दुधाबरोबर घ्यायची. "गोळी गरम पडते", हे आपलं शास्त्र! दुधातली प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच वाटेनं आत जातात आणि गर्दीत गोळी मागे राहते. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. लोहाची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवावी. पण म्हणून दूध, डाळ, अंडी बंद करू नका, स्नायू जातील. दूध रात्री द्या. नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यांत कॅल्शियम भरपूर आहे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि आपल्याकडे घरातल्या दुधाची वाटणी कशी होते ते तुम्ही जाणता. चहापुरतं उरतं ते बाईचं.

खुब्याच्या शस्त्रक्रियेला आईला एका रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे गोळ्या वॉर्डाच्या वेळेला मिळायच्या, तिच्या वेळेला नाही. दोन तास उशीर म्हणजे लाकडासारखं अंग. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, ते या आजारात देऊ नये. दुसऱ्या दिवशी तिला डोळे उघडवेनात. तुमच्याकडे असं माणूस असेल तर गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून खाटेला बांधा, आणि भांडायची तयारी ठेवा.

घरी आल्यावर रात्रीसाठी एक बाई ठेवली. पन्नाशीच्या, आम्ही त्यांना ताई म्हणायचो. रात्री आठ ते सकाळी आठ आमच्याकडे, नंतर दोन घरची धुणीभांडी, मग दुपारी पत्र्याच्या खोलीत झोप. आईला उचलून उचलून त्यांची कंबर गेली होती. एक दिवस मी त्यांना उन्हाचं समजावून सांगत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कधी गं ऊन?" मला उत्तर सुचलं नाही. आठवड्याची एक सुट्टी पगारी, हे आम्ही त्यानंतर ठरवलं. आधी ठरवलं नव्हतं, स्त्रियांच्या चळवळीत वीस वर्षं काढूनही. वहिनीनं नोकरी सोडली होती ती परत मिळाली नाही. आणि मी माझी डेक्सा केली, ती उणे २.७ आली. दादाला अजून त्याच्या वाट्याचं काय ते सापडायचं आहे. तो फॉर्मवर सह्या करायचा, ते मात्र चोख करायचा.

आई खुब्यानंतर चार वर्षं होती. त्या चार वर्षांत ती दोनदा पडली, पण काही मोडलं नाही. कशामुळे ते मी सांगू शकत नाही. डी मुळे, औषधामुळे, की आम्ही उंबऱ्याला रंगीत पट्टी मारली, गाऊन टाचेपासून चार बोटं वर घेतला आणि रात्रीचा दिवा चालू ठेवला, त्यामुळे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रोगी आणि घरचे एकत्र भेटतात. मी तिथे उशिरा गेले, तुम्ही लवकर जा. आता चहा येईपर्यंत दोघीजणी पुढे या, वळायचं कसं ते करून दाखवते. जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही. मोठा गोल घ्यायचा, बैलगाडी वळते तसा, आणि तोंडानं पावलं मोजायची. जमिनीवर खडूनं रेघा मारल्या आहेत, त्या ओलांडत या. चपला काढू नका, घरात घालता त्याच घालून या.